ओळ लागली का मधात सापडते

'नमुना' हा शब्द आमच्या घरात शिवीच्या खालोखाल होता. धाकटी छबी चुलीवरचं दूध उतू घालवायची आणि वर मांजरीचं नाव सांगायची, तेव्हा माय कपाळावर हात मारून म्हणायची, "कोन्त्या जन्मीचं हे नमुनं माह्या पदरी पडलं." त्यामुळे कॉलेजात सांख्यिकीच्या तासाला सरांनी फळ्यावर 'नमुना' लिहून त्याची व्याख्या सांगायला घेतली तेव्हा मला हसू आलं, आणि ते दाबता दाबता व्याख्याच हुकली. अशा कितीतरी व्याख्या माझ्या हुकल्या. वारंवारतेचा बाजाराच्या वाराशी काहीतरी संबंध असणार, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. हसा तुम्ही. आकडेमोड मला यायची, शेजारच्या मुलीची वही उघडायच्या आत माझं उत्तर निघालेलं असायचं. पण त्या उत्तराला काय म्हणतात, हे विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

आम्ही मूळचे अकोटचे. बाबा एसटीत कंडक्टर, त्यांची बदली अमरावती डेपोला झाली आणि आम्ही डेपोच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या घेऊन राहिलो. पहाटे गाड्या गरम करायला लावायचे त्या आवाजानं आम्हाला जाग यायची. गाडीच्या घरघरीवरून माय सांगायची, "हे परतवाड्याची निंगाली, उठा आता." बाबांची बहुतेक ड्यूटी धारणीची, मुक्कामी. आज गेले की उद्या दुपारी यायचे, अंगाला डिझेलचा आणि जंगलाचा मिळून एक वास असायचा, आणि पिशवीत सीताफळं नाहीतर चारोळी. आल्याबरोबर हातपाय धुऊन ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे क्षणभर उभे राहायचे आणि मग भाकरीवर बसायचे. आंबाडीची भाजी, वर फोडणीचं तेल, बाजूला ठेचा. त्यांचं जेवण होईपर्यंत त्यांना कोणी काही सांगायचं नाही असा मायचा दंडक होता, आणि छबी तो रोज मोडायची.

आम्ही तिघी बहिणी. ताई मोठी, छबी धाकटी, आणि माझं नाव विशाखा असलं तरी घरात मी 'मधली'. मधली कुठं गेली, मधलीले वाढ, मधलीचा फ्रॉक छबीले होते काय पाह्य. मधल्या लेकराचं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मोठीला मान असतो, धाकटीला लाड असतात, मधलीला मोठीचे कपडे असतात. मला याचं फार वाईट वाटायचं आणि ते मी कोणाला सांगत नसे. ताईचं शिक्षण मॅट्रिकला गणितात अडकलं ते अडकलंच, दोनदा बसून ती घरी राहिली. मायची कंबर दुखायची, त्यामुळे चूल, पाणी, धुणं सगळं हळूहळू ताईच्या हातात गेलं. ती कधी कुरकुरली नाही. निदान आम्हाला तसं वाटायचं.

पहिल्या सहामाहीत मी सांख्यिकीत नापास झाले. गणितं बरोबर होती, पण निम्मा पेपर व्याख्यांचा होता आणि तिथं मी मध्याच्या जागी मध्यक, मध्यकाच्या जागी बहुलक असं बिनधास्त ठोकून दिलं होतं. बाबांनी गुणपत्रिका पाहिली. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "मधले, जमत नसन त जबरदस्ती नाही. अकोल्याले बाईकडं शिवणक्लास आहे. एक मशीन रिकामी आहे म्हने. दुसऱ्या खेपेलेही असंच झालं त तिकडं जाय. हाताले काम लागन." बाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमची आत्याबाई. अकोल्याला जुन्या शहरात तिचा क्लास होता. आत्याबाई वाईट नव्हती, क्लासही वाईट नव्हता. पण मला आकडे आवडायचे हो. रकाने भरत गेलं की शेवटी बेरीज जुळते, तेव्हा पोटात जे गार वाटतं ते मला दुसऱ्या कशानं वाटत नव्हतं. हे बाबांना कसं सांगावं ते मला कळलं नाही, म्हणून मी नुसती मान हलवली.

आता सरांकडे येते. पेंडसे सर पुण्याहून पहिल्याच नोकरीवर आमच्याकडे आले होते. बारीक अंगाचे, नाकावर चष्मा, मुलींनाही 'अहो' म्हणणारे. पहिल्या आठवड्यात त्यांनी चौकातल्या हॉटेलात झणझणीत तर्री मागवली आणि दोन दिवस कॉलेजात आले नाहीत, ही गोष्ट सगळ्या वर्गाला ठाऊक होती. ते प्रश्न विचारायचे आणि आम्ही गप्प. त्यांना वाटायचं आम्हाला येत नाही. खरी गोष्ट अशी होती की आम्हाला बोलायची लाज वाटायची. ते 'नाही का' म्हणायचे तेवढंसुद्धा पुस्तकातल्यासारखं, आणि आम्ही तोंड उघडलं की 'मले' आणि 'काहून' बाहेर पडणार. वर्गात शालिनी म्हणून एक होती, राजापेठेतली, वडील वकील. ती सरांशी शुद्ध बोलायची. मी एकदा 'सारणी'ला 'सारनी' म्हणाले तर तिनं मागे वळून असं पाहिलं की पुढचा महिनाभर मी तोंड उघडलं नाही.

शेवटी सरांनीच तोड काढली. एका सोमवारी ते सायक्लोस्टाईल केलेले कागद घेऊन आले, बोटांना शाई लागलेली, आणि म्हणाले, "बोलू नका. भरा." कागदावर शब्दकोडं होतं. आडवे शब्द, उभे शब्द, सगळे सांख्यिकीचे. शब्द ओळखायचा जो मजकूर दिलेला असायचा त्याला आम्ही 'इशारा' म्हणायचो. 'एखादी किंमत जितक्या वेळा येते ती संख्या', पाच घरं. वा-रं-वा-र-ता. पेन्सिलीनं एकेक अक्षर घरात बसवताना तो शब्द पहिल्यांदा माझा झाला. जोडाक्षर एकाच घरात लिहायचं असतं हे मला माहीत नव्हतं, मी मध्यकाचं 'ध्य' दोन घरांत चिरून ठेवलं होतं. सरांनी खोडून दाखवलं आणि म्हणाले, "ते दोघं एकत्र राहतात, वेगळं करू नका त्यांना." मग दर सोमवारी कोडं. माझा नातू आता मोबाइलवर असलं काहीतरी खेळत असतो, चुकलं की फोन थरथरतो. आमचं चुकलं की खोडरबरानं कागद फाटायचा.

उरलेलं कोडं घरी न्यायची परवानगी होती, आणि घरी ते माझं एकटीचं राहत नसे. माय वाल सोलता सोलता विचारायची, "आडवं कोन्तं राह्यलं?" ताई भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा इशारा होता, 'मध्यापासून दूर जाणे', चार घरं. मला काही सुचेना. माय म्हणाली, "बहकनं." बाबा त्या दिवशी घरी होते, त्यांनी बोटांवर मोजलं. "ब, ह, क, नं. बसते ना व चार घरात. लिह्य." ताई तव्याजवळून हळूच म्हणाली, "'व'नं सुरू होते ते, उभ्या शब्दात 'वि' आलं आहे." विचलन. बाबा म्हणाले, "तेच त मनून राहिलो, बहकनं." आजही मला विचलन काढताना मायचं बहकणं आधी आठवतं, आणि खरं सांगायचं तर अर्थ काही चुकला नव्हता. नमुन्याचा अर्थ मी मायला समजावला, की पोत्यातून मूठभर धान्य काढून पाहतात तो, त्यावरून सगळ्या पोत्याची पारख करतात. तिनं छबीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग या पोत्याचं काही खरं नाही."

दुसऱ्या परीक्षेच्या आधी सरांनी जाहीर केलं की निम्मे गुण कोड्याचे. प्रत्येकानं स्वतः एक कोडं तयार करायचं, पुस्तकातला मजकूर उतरवायचा नाही, इशारे आपल्या शब्दांत लिहायचे. मग कागद आपसात बदलायचे. समोरच्यानं न विचारता कोडं सोडवलं तर ते बनवणारा पास. अडला तर नापास, कारण शब्द कळला असता तर तुम्हाला तो समजावता आला असता, असं सरांचं म्हणणं. मला हा नियम आवडला होता. मी दोन दिवस खपून कोडं केलं. मध्यक आणि बहुलक दोघांच्या शेवटी 'क' आहे हे मला पाणी पिताना सुचलं, आणि त्या 'क'वर मी दोघांना आडवं-उभं गुंफलं. मध्यकाचा इशारा लिहिला, 'ओळ लागली का मधात सापडते'. बहुलकाचा लिहिला, 'सगळ्यात जास्त खेपा येते'. ताईला वाचून दाखवलं. तिनं दोन्ही शब्द पिठाच्या हातानं तिथल्या तिथं सांगितले. मी निर्धास्त झाले.

परीक्षेच्या दिवशी कागदांची अदलाबदल झाली आणि एक कागद उरला. वर्गाची संख्या विषम होती. उरलेला कागद माझा. सर म्हणाले, "मग हा मी सोडवतो," आणि खुर्चीवर बसून त्यांनी पेन उघडलं. मला बरंच वाटलं. म्हटलं, सरांना काय अवघड.

सर भराभर लिहीत होते. चेहरा मात्र हळूहळू कोड्यात पडल्यासारखा झाला. मग ते उठले आणि कागद हातात धरून म्हणाले, "विशाखा, अहो हे काय केलंत तुम्ही? शब्द अगदी चपखल बसलेत, पण यात सांख्यिकी कुठं आहे?" आणि त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "ओळ लागली का मधात सापडते. मुंगळा. तीन घरं. सगळ्यात जास्त खेपा येते, शेवटी 'ळा'. गोतावळा." वर्ग असा हसला की बाहेर शिपाई डोकावला. मीही हसले असते, कारण मुंगळा आणि गोतावळा खरंच एकमेकांत बसत होते, एकही घर मोकळं राहत नव्हतं. पण सर पुढे म्हणाले, "मला हे कोडं पास करता येणार नाही," आणि मला समोर आत्याबाईची मशीन दिसली.  मी उभी राहिले.

"सर, मुंगळा नाही ते. मध्यक आहे."

"मध्यक मधात कसा सापडेल?" सरांनी खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं विचारलं.

"मधातच सापडते ना सर. मंग कुठं सापडन?"

 वर्गाला आता हसायचं कशाला तेच कळेना. सरांना काय कळत नाही हे आम्हाला कळत नव्हतं आणि आम्हाला काय कळत नाही हे सरांना. मी म्हटलं, "सर, आमी तिघी बहिनी हाओत. मोठी इकडं, छबी तिकडं, अन् मी मधात." मी हातानं दाखवलं. सर माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"म्हणजे मध्ये?"

"हो. मधात."

"अहो, मला वाटलं मध. मधमाशीचा."

या वेळी वर्ग हसला तो सरांना. तेही हसले, पण शिस्तीचे होते. म्हणाले, "माझी चूक झाली हे मान्य. पण नियम काय ठरला होता? समोरच्याला न विचारता सुटलं पाहिजे. मला सुटलं नाही. उद्या पेपर तपासणारा माझ्यासारखाच कुठून आलेला असेल, तर?" यात खोट काढायला जागा नव्हती. मी खाली बसायला हवं होतं. पण मला इतकं रडू येत होतं की बसले असते तर रडलेच असते, म्हणून बोलत राहिले. "सर, तुमी म्हटलं आपल्या शब्दात लिहा. हे कोडं या वर्गातल्या पोरीपोरायसाठी होतं. तुमी मधात आले."

आपण काय बोललो हे मला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं.   सर फळ्याकडे गेले, खडूनं एक सारणी आखली, एका रकान्यात 'मध्ये' लिहिलं, दुसऱ्यात 'मधात'. म्हणाले, "घरी, आईशी बोलताना, यातला कोणता शब्द वापरता? खरं सांगायचं. मधात म्हणणारे हात वर."

आधी कोणाचाच हात वर गेला नाही. सगळे एकमेकांकडे पाहत होते. कोण आधी आपली गावंढळ जीभ कबूल करणार. मग माझ्या पुढच्या बाकावरून एक हात वर गेला, बांगड्यांचा, आणि तो शालिनीचा होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सरांकडे पाहतच म्हणाली, "आमच्या घरी सगळे मधातच म्हणतात सर. बाबासुद्धा. कोर्टातून आल्यावर." त्यानंतर हात असे वर गेले की सरांना मोजावे लागले नाहीत. 'मध्ये'च्या रकान्यात त्यांनी एकच रेघ ओढली, स्वतःची.

"बहुलक सांगा," ते म्हणाले.

"मधात," सगळा वर्ग म्हणाला. तो आमच्या वर्गाचा पहिला एकमुखी आवाज.

"आणि मी टोकाला पडलो." त्यांनी माझ्या कागदावरचा मुंगळा खोडला, गोतावळा खोडला, वर बारीक अक्षरात मध्यक आणि बहुलक लिहिलं आणि खाली सही केली. कागद देताना हळू आवाजात म्हणाले, "पेपरात मध्ये लिहायचं. ते तिथं चालतं म्हणून. यात तुमचं काही चुकलेलं नाही." ते वाक्य मला त्या वयात मिळालं याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. पुढे नोकरीत मी हजारो सारण्या केल्या, मुंबई-पुण्याच्या साहेबांपुढे वाचून दाखवल्या, आणि बोलताना 'मले' निसटलं तर कधी जीभ चावली नाही.

निकाल लागला, मी पास झाले. पण इकडे एक घोळ होऊन बसला होता. बाबांनी कोणत्या तरी अकोल्याच्या ड्रायव्हरबरोबर निरोप धाडून ठेवला होता की मधली बहुतेक येईल, आणि आत्याबाई पुढच्या निरोपाची वाट पाहणाऱ्यांतली नव्हती. ती रविवारी सकाळच्या गाडीनं स्वतःच मला न्यायला आली. मायनं बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, ताईनं भाकरी केल्या. आत्याबाईनं पोटभर जेवण केलं, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "चाल मधले, घे पिशवी. दुपारची गाडी आहे."

बाबांनी तिला थांबवलं. "बाई, मधली नाही येत. पास झाली ते. तिच्या सरानं तिचं कोडं साऱ्या वर्गात फळ्यावर मांडलं." हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढला होता, आणि माझ्यासाठी तो कधी चढलेला मी ऐकला नव्हता. मी दाराशी उभी होते. मला आनंदानं काय करावं ते सुचेना, म्हणून छबीची वेणी सोडून परत घालू लागले.

आत्याबाई म्हणाली, "बाप्पा. म्या त मशीन अडवून ठेवली. दोन पोरी मांगत होत्या, नाही म्हटलं त्याईले."

"आता काय करतं," माय म्हणाली. "पास झाली त झाली."

 डेपोतून एक गाडी निघाल्याचा आवाज आला. ताई चुलीपुढे बसली होती, परातीतलं पीठ गोळा करत. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मी येऊ काय आत्याबाई?"

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. मायला वाटलं ती गमतीनं बोलली. "तू? तू कशी जाशीन व? घरचं कोन करन?"

ताईनं परात बाजूला सरकवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "मधलीचं ठरून राह्यलं होतं तवापासून मी वाट पाहून राहिली. मले वाटलं, ते पास झाली का कोनीतरी मले इचारन. कोनी मले इचारलंच नाही."

बाबा उठले. खुंटीवरची त्यांची खाकी पिशवी त्यांनी काढली, आतली चारोळी ताटात ओतली, पिशवी दाराबाहेर झटकली आणि ताईपुढे ठेवली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मधले, तिचे कपडे भर." मी चुलीपुढे गेले, ताईनं सरकवलेली परात माझ्यापुढे ओढली, आणि म्हणाले, "तिचे कपडे तिलेच भरू द्या. आता घरच्या भाकरी मी करतो."